भाचीला पाय लागू नये म्हणून

साक्षीने त्या अंबडच्या पोरीची पाठ धरली आणि भागवतच्या तोंडचं पाणी पळालं.

धरली म्हणजे नुसती मिठी मारली नाही. मागून छाती तिच्या पाठीला चिकटवली, एक हात गळ्याखाली सरकवला आणि दोन्ही पाय पुढं आणून टाचा तिच्या मांड्यांच्या आतून अडकवल्या. त्या टाचांनाच ग्रॅपलिंगमध्ये, म्हणजे जमिनीवर धरून खेळायच्या या कुस्तीत, आकडे म्हणतात. आकडे बसले की खालचं माणूस कुठं वळणार? अंबडची पोरगी डावीकडे लोळली, साक्षी तिच्यासोबत लोळली. उजवीकडे लोळली, साक्षी तिकडेही सोबत. शेवटी बिचारीने मॅटवर हात आपटला. हात आपटला की हार. पंचांनी दोघींना सोडवलं, तर ती पोरगी गळा चोळत किती तरी वेळ तिथंच बसून राहिली.

"घ्या, जिल्ह्याच्या फायनलला हीच आली," धम्मपाल सर म्हणाले. सर म्हणजे भोकरदनच्या शाळेतले खेळाचे मास्तर. ग्रॅपलिंग त्यांनीच तालुक्यात आणलं, नाहीतर तिथं कोणाला त्याचं नाव तरी माहीत होतं? "जेवणाच्या सुट्टीनंतर आपली प्रियदर्शनी आणि जालन्याची साक्षी. पण तुम्ही बिलकुल टेन्शन घेऊ नका, पैलवान. पाठीचा बचाव आपल्या पोरीचा एकदम बराबर आहे. तुम्हीच तर घोटून घेतलाय."

"हो हो," भागवत म्हणाला, आणि सरांकडे न बघता मॅटकडे बघत राहिला.

कारण त्याने काहीच घोटून घेतलं नव्हतं. या हॉलमध्ये, जुन्या जालन्याच्या या एवढ्या गर्दीत, ही गोष्ट फक्त त्याला एकट्याला ठाऊक होती. खुद्द पोरीलाही नव्हती.

झालं होतं असं, की प्रियदर्शनीला म्हणजे पिऊला हा खेळ शिकायचा होता आणि तिच्या वजनाची दुसरी पोरगी क्लासमध्ये नव्हती. पोरं होती चिक्कार. पण तिची आई दैवशाला, भागवतची मोठी बहीण, तिने पहिल्याच दिवशी क्लासच्या दारात उभं राहून सांगितलं होतं, "सर, तुम्ही लई चांगले आहात. पण माझी पोरगी पोरांसंगं जमिनीवर लोळणार न्हाई. आम्हाला गावात राह्याचंय." सर म्हणाले, जोडीदाराशिवाय हा खेळ शिकताच येत नाही. त्यावर दैवशालाने जरा विचार केला आणि म्हणाली, "मंग माझा भाऊ हाये की. धावड्याचा पैलवान हाये. मामाच धरील भाचीला."

झालं. भागवतला कोणी विचारलंसुद्धा नाही. शेतातलं काम आटोपायचं, मोटारसायकलला किक मारायची आणि संध्याकाळी भोकरदनला हजर व्हायचं, हा त्याचा नेम झाला. कुस्त्या सोडून त्याला बरीच वर्षं झाली होती. पोट थोडं सुटलं होतं, पण मान आणि मनगट अजून पैलवानाचंच होतं.

सरांनी पहिल्या दिवशी चार जागा शिकवल्या. छातीवर बसून दाबायचं ती एक. बाजूने आडवं पडून दाबायचं ती दुसरी. खाली पाठीवर पडून वरच्या माणसाला आपल्या दोन्ही पायांत अडकवायचं ती तिसरी. ही तिसरी ऐकून भागवतला हसूच आलं. "जाणूनबुजून पाठीवर पडायचं? सर, आमच्यात पाठ लागली की माणूस फेटा उचलून घरी जातो." सरही हसले, पण म्हणाले, "इथं पाठ लागली म्हणून कोणी हरत नाही, पैलवान. इथं पाठ दिली की हरतो. चौथी जागा तीच. मागून पाठ धरायची. सगळ्यात खतरनाक. बसा भाचीच्या मागं आणि घाला आकडे."

भागवत बसला. पाय पुढं आणला, आणि तळवा पिऊच्या मांडीला लागला मात्र, गडी विजेचा झटका बसावा तसा उठून उभा राहिला. वाकला, तिच्या गुडघ्याला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि वर दोन्ही हात जोडले. सगळा क्लास फिदीफिदी हसला. पिऊसुद्धा हसली. "मामा, काय हे!"

हसणाऱ्यांचं काय जातं! आपल्याकडे भाची म्हणजे काय हे काय सांगायला पाहिजे? वयाने केवढीशी का असेना, मामाच तिच्या पाया पडतो. तिला मामाच्या पाया पडू देत नाहीत. सणाला आली तर आधी तिचं ताट वाढतात. आणि भाचीला मामाचा पाय लागला तर? छे! भागवतने आपल्या आईला भाचीला नुसत्या चुकून लागलेल्या पायापायी दिवसभर उपाशी बसलेलं पाहिलं होतं. सर म्हणाले, "इथं मामा-भाची कोणी नाही, दोघं जोडीदार आहात." भागवत म्हणाला, "तुमचं बराबर आहे सर, पण मला रात्री घरी जाऊन झोपायचंय."

मग त्याने युक्ती काढली. पैलवानाला युक्त्यांची काय कमी? तो पिऊच्या मागे बसायचा, हातांनी तिला घट्ट आवळायचा, पण पाय असे ठेवायचा की बघणाऱ्याला वाटावं आकडे घातलेत आणि टाचा मात्र बाहेरच, मॅटवर. तिच्या अंगाला नखसुद्धा लागू द्यायचा नाही. पिऊ एक गिरकी घ्यायची की मोकळी. पलीकडच्या मॅटवर पोरांना शिकवणारे सर तिथूनच ओरडायचे, "आकडे होते का, पैलवान?" आणि हा म्हणायचा, "होते की सर! पण पोरगी कुठं ऐकती!" सर टाळ्या वाजवायचे. पिऊचा चेहरा असा काही खुलायचा की भागवतचा दिवसभराचा शीण जायचा.

खरं सांगायचं तर गोष्ट नुसत्या पायांवर थांबली नव्हती. एकदा लाड सुरू झाला की तो कुठं थांबतो? पिऊ छातीवर बसायला आली की हा आपणहून पडायचा. तिने बाजूने दाबलं की 'मेलो, मेलो' म्हणायचा. उलट तिने याच्या पाठीवर चढून स्वतःच्या टाचा याच्या मांडीत रुतवल्या की हा मनातून खूश. भाचीचा पाय मामाला लागला तर त्यात पुण्यच की! त्यामुळे झालं काय, दुसऱ्याची पाठ धरण्यात पोरगी वाघीण झाली आणि स्वतःची पाठ सोडवण्यात शून्य राहिली. पण तिला वाटायचं, आपल्याला धरणारा अजून जन्माला यायचाय. ती सगळ्यांना तसं सांगायचीसुद्धा.

आणि या भरवशावरच तिने आईशी सौदा केला होता. दैवशाला म्हणाली होती, "जालन्याला जिंकून राज्याच्या स्पर्धेला गेलीस तर खेळ, मी आडवी येणार न्हाई. न्हाई गेलीस तर गुमान नर्सिंगला जायचं. मंग तोंड वाकडं करायचं न्हाई." पिऊने टाळी दिली होती. हसत हसत! प्रत्येक वजनगटातून एकच पोरगी राज्याला जाणार होती. आता ती एकच जागा होती, आणि तिच्या आड साक्षीच्या दोन टाचा उभ्या होत्या.

भागवत हॉलच्या भिंतीला टेकून उभा राहिला. सांगावं का? सांगितलं तर पोरीचा सगळा धीर आत्ताच, फायनलच्या तोंडावर मोडणार. न सांगावं? मग मॅटवर गेल्यावर ती नेहमीसारखी गिरकी घेणार, अडकणार, आणि तिला कळणारही नाही की काय झालं. त्यात तिने जन्मात कधी हात आपटला नव्हता. कशाला आपटेल? मामा नेहमी आधीच सोडायचा. साक्षी सोडणार होती का? गळा आवळलेला असताना ही पोरगी 'आता सुटते, मग सुटते' करत बसली तर थेट बेशुद्धच पडायची.

पिऊ खिडकीखाली आईजवळ बसून केळं खात होती. मामाला बघून तिने हात हलवला. "मामा, बघितली का ती साक्षी? सगळे तिला भिऊन राह्यले. पाठ धरते म्हणं. धरू द्या! मला कोण धरतंय?"

हे ऐकलं आणि भागवतचं ठरलं.

"केळं ठेव," तो म्हणाला. "मागं चल माझ्यासंगं. जल्दी."

हॉलच्या मागे ओटा होता. त्यावर कुठल्याशा कार्यक्रमाची सतरंजी गुंडाळून ठेवलेली होती, ती भागवतने पसरली. मग कोपऱ्यातल्या नळाखाली त्याने चपला काढून पाय धुवायला सुरुवात केली. घोट्यापर्यंत, तळवे घासून, बोटांच्या सांदीतून. दैवशाला मागोमाग आलीच होती.

"आता पाय काहून धुवून राह्यला रे? देवळात चालला का?"

धुतलेले पाय सोवळ्यातल्या धोतरासारखे जपत तो सतरंजीवर आला. "पिऊ, बैस. पाठ दे."

ती बसली. त्याने मागून छाती टेकवली, हात गळ्याखाली नेला, डोळे मिटले, आणि दोन्ही टाचा भाचीच्या मांड्यांच्या आत घातल्या.

"भागवत!" दैवशाला किंचाळली. "आरं पाय! पाय लागला तिला!"

"लागला न्हाई, आक्का. म्या लावला. तू बोलू नको आता," तो म्हणाला. "पिऊ, सुट."

पिऊने नेहमीची गिरकी घेतली. काही झालं नाही. तिला वाटलं आपली लय चुकली, म्हणून तिने परत घेतली. तरी काही नाही. कंबर जागची हलेना. तिने जोर लावला, दात खाल्ले, पाय झाडले. मामा मागे दगडासारखा घट्ट.

"मामा, थोडं सोडा ना. दम घेऊ द्या."

"न्हाई."

"मामा!"

"साक्षी सोडणार हाये का? सुट म्हणलं ना."

"तुम्ही आज येगळाच जोर करून राह्यले," ती धापा टाकत म्हणाली.

"जोर अजून केलाच न्हाई, बाई." भागवत म्हणाला. "आकडे घातले नुसते. आजच घातले. रोज घालत नव्हतो. तुला पाय लागू नये म्हणून बाहेरच ठेवत होतो, आणि सरांना खोटं सांगत होतो."

ती एकदम थांबली. तिचं सगळं अंग त्याच्या हातात सैल पडलं. पलीकडे रस्त्यावर ऑटोवाल्यांचे हॉर्न वाजत होते. मागे बसलेल्या भागवतला तिचा चेहरा दिसत नव्हता, आणि ते बरंच होतं.

"म्हंजे मी एकदाबी सुटले नव्हते?"

भागवतने गळ्याखालचा हात नीट बसवला.

"बोला ना. एकदाबी?"

"पिऊ, टाइम न्हाई आपल्याजवळ. ऐक. मला मंग काय शिव्या द्यायच्या त्या दे. पयले गळ्यावरचा हात धर. दोन्ही हातांनी, एकाच हाताला. पयले तेवढंच कर. मंग खाली घसर, माझ्या अंगावरून, आणि पाठ जमिनीला टेकव."

"पाठ टेकवू? तुम्हीच म्हणता ना पाठ..."

"मी गाढव हाये! सर म्हणतेत ते ऐक. पाठ जमिनीला टेकली की तुझ्या पाठीला मी कसा धरीन? मंग माझी एक टाच काढून टाक, कंबर बाहेर घे आणि माझ्याकडं तोंड फिरव. आणि न्हाईच जमलं, डोळ्यापुढं अंधारी आली, तर हात आपटायचा. लाजायचं न्हाई. कळलं?"

दैवशाला डोक्याला हात लावून ओट्यावर बसली होती. "पाप लागंल तुला ते लागंल, पण काय केलंस हे भागवत? रडवून पाठवतोस का पोरीला आत? हे आत्ता सांगायचं होतं का? एक तर आधी सांगायचं, न्हाई तर मॅच झाल्यावर सांगायचं!"

ती खरं बोलत होती. भागवतला तेच तर खात होतं. पण आता थांबून काय उपयोग? पिऊने एकदा करून बघितलं, जमलं नाही. दुसऱ्यांदा घसरली, पण टाच निघाली नाही. तिसऱ्या वेळी पाठ जमिनीला टेकली, एक टाच निघाली, आणि तेवढ्यात माईकवरून तिचं नाव पुकारलं गेलं. अर्धवट शिकलेली गोष्ट घेऊन पोरगी उठली. भागवत तिच्या खांद्यावरची धूळ झटकायला गेला.

"हात लावू नका मला," ती म्हणाली आणि निघून गेली.

काळजावर एवढा घाव भागवतला कुठल्या कुस्तीतही बसला नव्हता. तरी तो मागोमाग आत गेला. जाणार कुठं?

हॉल गच्च भरला होता. साक्षी मॅटवर आली तेव्हा तिच्या शाळेची पोरं बाकं बडवायला लागली. साक्षी शांत होती. पिऊ नेहमी हसत यायची, आज तिचा चेहरा दगड झाला होता. धम्मपाल सरांनी कडेला बसता बसता भागवतकडे पाहिलं आणि काय झालं म्हणून भुवया उंचावल्या. भागवतने नजर चुकवली.

शिट्टी झाली. दोघी भिडल्या. सुरुवातीला बराच वेळ नुसती मानेला मान, मनगटाला मनगट. साक्षी अंदाज घेत होती. मग पिऊ एकदम खाली बसली, साक्षीचे दोन्ही पाय कवेत घेतले आणि पट काढून तिला आडवी केली. लगेच बाजूने आडवी पडून दाबलं. गुण मिळाले! दैवशालाने भावाचा दंड एवढा घट्ट धरला की बांगड्या रुतल्या.

"आता दाबून ठेव!" सर ओरडले. "घाई करू नको!"

पण साक्षी काय नवखी होती? तिने कंबर उचलली, मधे गुडघा घातला, पिऊचा तोल गेला. पिऊ सावरायला गुडघ्यांवर आली आणि तेवढा एक क्षण तिची पाठ उघडी पडली. साक्षी त्याच क्षणाची वाट बघत होती. मागून चढली. एक टाच आत. दुसरी टाच आत. तिच्या शाळेची पोरं नाचायलाच लागली.

"फिर!" सर ओरडले. "प्रियदर्शनी, तुझी गिरकी! घे, फिर!"

नको, नको, नको, असं भागवत मनात म्हणत होता. आणि पिऊने गिरकी घेतलीच. महिनोन्महिने अंगात मुरलेली ती खोटी गिरकी! अडकली. अगदी मागच्या ओट्यावर अडकली तशीच. साक्षीचा हात सापासारखा हनुवटीखाली शिरायला लागला. पिऊने हनुवटी छातीशी दाबून धरली, पण हात थोडा थोडा आत जातच होता. तिचा चेहरा लाल झाला. कानामागची शीर फुगली.

सर गडबडले. "आरे, फिर ना! रोज तर फिरतेस!" त्यांनी भागवतकडे वळून पाहिलं. भागवतचे ओठ हलत होते पण आवाज फुटत नव्हता.

पिऊचा उजवा हात वर आला. पंजा उघडला. आपट, भागवतच्या मनात आलं, आपट माय, जाऊ दे ती जागा, जाऊ दे राज्य, तू नर्स हो, मी तुला रोज गाडीवर पोचवीन, पण आपट. दैवशालाने पदर तोंडावर घेतला. पंच गुडघ्यावर वाकून त्या पंजाकडे बघत होते.

पंजा खाली आला आणि मॅटवर पडला नाही. त्याने साक्षीचं मनगट पकडलं. मग दुसऱ्या हातानेही तेच मनगट. हात गळ्यापासून बोटभर लांब गेला, आणि पिऊ खाली घसरली. थोडी अडली. परत घसरली. आणि मग तिने आपले दोन्ही खांदे आणि सगळी पाठ मॅटला टेकवली.

"चित झाली!" मागून कोणीतरी म्हातारं ओरडलं. "पोरगी चित झाली, संपलं!"

"संपलं न्हाई!" भागवतला आवाज फुटला तो असा, की सगळा हॉल वळला. "राहू दे पिऊ! पाठ राहू दे खाली! टाच काढ! टाच!"

तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तिने एका पायाने साक्षीची टाच दाबली, ढकलली. निघेना. साक्षीने मनगट सोडवायला हिसका मारला, पिऊने सोडलं नाही. परत ढकललं. टाच निघाली. कंबर बाहेर आली, खांदा वळला, आणि क्षणात पिऊचं तोंड साक्षीकडे झालं. आता पिऊ वर होती आणि साक्षी खाली पाठीवर, दोन्ही पायांनी तिला अडकवून धरत होती. वेळ संपल्याची शिट्टी झाली तेव्हा दोघी तशाच एकमेकींना धरून होत्या, दोघींना उठायचं त्राण नव्हतं.

साक्षीला पाठ धरल्याचे गुण होते, पिऊला पट काढल्याचे, दाबल्याचे आणि सुटल्याचे. पंचांनी हिशोब केला तोवर हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. मग त्यांनी पिऊचा हात वर केला.

एका गुणाने!

सर मॅटवर धावले. दैवशाला हमसाहमशी रडायला लागली, तिला धड हसताही येईना. साक्षीने पिऊला मिठी मारली आणि कानात काहीतरी म्हणाली. पिऊने मान हलवली, पदक घेतलं, सरांच्या मोबाईलवर फोटो काढून घेतला, आईच्या गळ्यात पडली. मामाकडे आली नाही. भागवतही पुढे गेला नाही. कुठल्या तोंडाने जाणार? तो बाहेर पायऱ्यांवर येऊन बसला आणि चपलेचा अंगठा उगाच ओढत राहिला. त्याला आनंद झाला होता आणि रडूही येत होतं, आणि आपल्याला नक्की काय होतंय हेच त्याला कळत नव्हतं.

गर्दी पांगल्यावर ती आली. पदक पिशवीत ठेवलेलं होतं. ती त्याच्या शेजारी बसली नाही, समोर उभी राहिली.

"सगळे म्हणून राह्यले, मामानं लई चांगली तयार केली."

भागवतने चपलेचा अंगठा सोडला.

"मला एक खरं सांगा. मी तुमच्या छातीवर बसायची, दाबून धरायची, तुम्ही 'मेलो, मेलो' म्हणायचे. त्यातलं खरं किती होतं?"

आता इथं एक छोटंसं खोटं सहज खपलं असतं. 'दोन-चार वेळा खरंच गुदमरलो होतो गं,' एवढं म्हटलं असतं तरी पोरीने ते घेतलं असतं. तिचे डोळे तेच मागत होते. भागवतने तोंड उघडलं, आणि ते खोटं त्याच्या जिभेवर येऊन बसलंसुद्धा.

"काहीच न्हाई," तो म्हणाला. "एकदाबी न्हाई, पिऊ. मी पडत होतो."

तिने ओठ घट्ट मिटले. डोळ्यांत पाणी भरलं, तिने ते बाहीने रागारागाने पुसलं. भागवतला वाटलं, आता ही आपल्याशी परत बोलणार नाही. तिने पिशवी पायरीवर ठेवली.

"उठा."

"कुठं?"

"आत. मॅट अजून गुंडाळल्या न्हाईत. सरांना सांगितलं मी, थोडा टाइम द्या म्हणून."

आतमध्ये पंखे चालू होते आणि बाकं रिकामी होती. दैवशाला दाराशी उभी होती. पिऊ मॅटच्या मधोमध पाठीवर पडली. भागवत बाजूने तिच्यावर आडवा झाला. सवयीने त्याने आपलं वजन गुडघ्यांवर घेतलं.

"गुडघे उचला," ती म्हणाली.

त्याने गुडघे उचलले. सगळं वजन, पैलवानाचं, चाळिशी पार केलेल्या शेतकऱ्याचं, भाचीच्या छातीवर आलं. तिने कंबर उचलली, हात मधे घातला, सरकायचा प्रयत्न केला. जमलं नाही. परत केला. तिचा श्वास कोंडायला लागला तेव्हा भागवतचा जीव कासावीस झाला, पण तो हलला नाही. शेवटी तिने मॅटवर हात आपटला. त्याने तत्काळ सोडलं.

ती वरच्या पंख्याकडे बघत दम खात पडून राहिली.

"आता हे खरं होतं?"

"व्हय."

"मंग परत धरा," पिऊ म्हणाली, आणि उठून त्याच्याकडे पाठ करून बसली.